खासगी मातीचे धरण आणि त्याचा धोका-वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाल्यावर वाडवडिलांनी घातलेला बांध, कृषी पर्यटन केंद्राचे तळे, जमिनीसोबत विकत आलेला जुना तलाव. अशा मातीच्या धरणांच्या मालकांसाठी हे पान आहे. समजायला सोपे जावे म्हणून सगळीकडे एकच नमुन्याचा बांध धरला आहे: उंची ६ मीटर, काठोकाठ भरल्यावर पाण्याचा पसारा अडीच हेक्टर, पाणलोट क्षेत्र दीड चौरस किलोमीटर. वाचताना आपल्या बांधाचे आकडे त्या जागी घालून पाहा.

सहा मीटरच्या बांधाला ‘धरण’ म्हणायचे का? आम्ही तर त्याला तळेच म्हणतो.

नाव काहीही द्या, आधी साठा मोजा. ढोबळ हिशेब असा: सर्वांत खोल जागी पाण्याची जेवढी खोली, गुणिले पाण्याचा पसारा, गुणिले ०.४. आपल्या नमुन्याच्या बांधात ६ × २५,००० × ०.४ म्हणजे ६०,००० घनमीटर, अर्थात ६ कोटी लिटर. दहा हजार लिटरचे सहा हजार टँकर नाल्याच्या डोक्यावर उभे आहेत असे समजा.

बांध फुटला तर हे पाणी निवांत ओघळत नाही. माती एकदा कापली जाऊ लागली की भगदाड काही मिनिटांत रुंदावते. फुटलेल्या मातीच्या धरणांच्या नोंदींवरून अभियंते फ्रोलिच यांनी १९९५ मध्ये एक सूत्र बसवले: सर्वोच्च विसर्ग = ०.६०७ × (साठा)^०.२९५ × (पाण्याची उंची)^१.२४. आपले आकडे घातले तर सेकंदाला सुमारे १४० घनमीटर येतात, म्हणजे दर सेकंदाला चौदा टँकर. एरवी ज्या नाल्यातून पोटरीभर पाणी वाहते, त्यातून हे जाणार आहे.

शेततळ्याची गोष्ट वेगळी. जमिनीत खोदलेल्या शेततळ्यात पाणी जमिनीच्या पातळीखाली असते, त्यामुळे फुटून वाहून जाण्याचा प्रश्न नसतो. तिथला धोका बुडण्याचा, आणि त्यावर उपाय कुंपण, दोर आणि हवेचे टायर. मात्र शेततळ्याचा काठ भराव घालून जमिनीच्या वर दोन-तीन मीटर उचलला असेल, तर खालचे सगळे त्यालाही लागू होते.

धरण सुरक्षा कायद्यात माझा बांध येतो का?

बहुधा नाही. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. तो ‘विनिर्दिष्ट’ धरणांनाच लागू होतो. त्यात १५ मीटरपेक्षा उंच असलेली सगळी धरणे येतात. १० ते १५ मीटर उंचीचे धरण असेल तर पुढीलपैकी किमान एक गोष्ट असावी लागते: माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त, साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त, महत्तम पूर विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर किंवा जास्त, पाया विशेष अवघड, किंवा संकल्पचित्र नेहमीपेक्षा वेगळे.

उंची मोजताना चूक होते ती इथे: ती माथ्यावरच्या रस्त्यापासून पाण्यापर्यंत मोजायची नसते. पायाच्या सर्वसाधारण तळातली सर्वांत खालची जागा ते माथा, असे ते अंतर आहे. म्हणजे माथ्यावर उभे राहून नऊ मीटर वाटणारा बांध कागदावर दहाच्या पुढे जाऊ शकतो.

मालक सरकार नसून खासगी कंपनी असली तरी कायदा सुटत नाही. विनिर्दिष्ट धरणाच्या मालकाला स्वतःचा धरण सुरक्षा कक्ष ठेवावा लागतो, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करावी लागते, आपत्कालीन कृती आराखडा करावा लागतो. निर्देश धुडकावल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यामुळे जीव गेला किंवा तसा धोका उभा राहिला तर कैद दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात या तांत्रिक कामाची यंत्रणा म्हणजे नाशिकची धरण सुरक्षितता संघटना.

म्हणजे कायद्याबाहेर असलो तर जबाबदारी नाही?

जबाबदारी पूर्ण आहे, फक्त ती आठवण करून द्यायला कुणी येणार नाही. छोट्या खासगी बांधाची खरी अडचण हीच आहे.

नुकसानभरपाईचा मूळ दाखला इंग्लंडचा आहे, आणि तोही छोट्या खासगी तलावाचाच. लँकेशायरमधल्या गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचे पाणी जुन्या खाणमार्गांतून शेजारच्या कोळसा खाणीत शिरले. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात १८६८ मध्ये निकाल लागला: धोकादायक गोष्ट आपल्या जमिनीवर साठवणाऱ्याने ती सुटल्यावर झालेल्या नुकसानाची भरपाई द्यायची, मग त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो. भारतात या तत्त्वाला एक फाटा फुटला. दक्षिणेतल्या कार्वेटनगरच्या जमीनदाराचे दोन तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले, तेव्हा १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, त्याला दोषी धरले नाही. कारण ते तलाव लोकांच्या शेतीसाठी पूर्वापार चालत आलेले होते, त्यांची देखभाल करणे हे त्याचे कर्तव्यच होते, आणि त्यात हयगय झालेली नव्हती. नौकाविहारासाठी बांधलेल्या तळ्याच्या मालकाने या निकालाचा आधार धरून बसू नये.

दुसरी गोष्ट नाल्याची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार नदी, नाले, ओढे आणि वाहते पाणी, कुणाचा वैध हक्क सिद्ध झालेला नसेल तिथे, शासनाचे असते. दोन्ही तीर तुमच्या सातबाऱ्यावर असले तरी मधला नाला तुमचा असेलच असे नाही. बांध घालण्यापूर्वी किंवा वाढवण्यापूर्वी तहसील आणि जलसंधारण कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. जुन्या बांधाची परवानगी सापडत नसेल तर आहे त्या स्थितीची मोजणी आणि नकाशा करून अर्ज द्या.

‘लहान धरण’, ‘वर्ग चार’, ‘श्रेणी एक’ असे वेगवेगळे ऐकू येते. नक्की काय धरायचे?

ही तीन वेगळी वर्गीकरणे आहेत, आणि त्यांची सरमिसळ केल्यानेच चुकीचे निर्णय होतात.

पहिले आकाराचे. भारतीय मानक ११२२३ (१९८५) प्रमाणे ५ लाख ते १ कोटी घनमीटर साठा किंवा ७.५ ते १२ मीटर पाण्याची उंची असेल तर ते धरण लहान; त्यापुढे मध्यम, आणि ६ कोटी घनमीटर किंवा ३० मीटरच्या वर मोठे. साठा आणि उंची वेगवेगळ्या गटात पडल्या तर वरचा गट धरायचा. आपला नमुन्याचा बांध यात ‘लहान’ सुद्धा नाही, त्याच्याही खाली आहे.

दुसरे धोक्याचे. धरण फुटले तर खाली काय जाईल, एवढाच त्याचा प्रश्न. केंद्रीय जल आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत याचे चार वर्ग आहेत. पहिला सर्वांत कमी परिणामांचा, चौथा सर्वांत जास्त. जीवितहानी, मालमत्ता, पर्यावरण अशा बाबींना गुण देऊन वर्ग ठरतो. धरण मजबूत आहे की कच्चे, याचा या वर्गाशी काहीही संबंध नाही. नवे कोरे, उत्तम बांधलेले धरण गावाच्या वर असेल तर ते वरच्याच वर्गात जाते, आणि ओसाड माळावरचे खिळखिळे धरण खालच्या वर्गात.

तिसरे प्रकृतीचे. पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तपासणीत त्रुटींच्या तीन श्रेणी करतात: श्रेणी एक म्हणजे धरण फुटण्यापर्यंत जाऊ शकेल अशी त्रुटी, श्रेणी दोन म्हणजे तातडीने दुरुस्त करायची मोठी त्रुटी, श्रेणी तीन म्हणजे वर्षभरात करायची किरकोळ कामे. इथे अंक उलटे चालतात हे ध्यानात असू द्या: त्रुटीची श्रेणी एक सर्वांत वाईट, धोक्याचा वर्ग एक सर्वांत सौम्य. अहवाल हातात आला की कोणता आकडा कशाचा, हे आधी विचारा.

‘लहान’ या शब्दाने कुणी निर्धास्त होऊ नये. अमेरिकेत जॉर्जियातल्या टोकोआजवळचे केली बार्न्स धरण सुमारे १२ मीटर उंच, खासगी, एका बायबल महाविद्यालयाच्या मालकीचे होते. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि खालच्याच महाविद्यालयाच्या आवारात ३९ जण मेले.

माझ्या बांधाचा धोका-वर्ग मी स्वतः ठरवू शकतो का?

अधिकृत वर्ग अभियंताच ठरवेल. पण बांध वरच्या वर्गात जातो की खालच्या, हे एका सकाळच्या पायपिटीत कळते. बांधाच्या पायथ्यापासून नाल्याने खाली चालत जा. नाला मोठ्या नदीला मिळेपर्यंत, किंवा किमान पाच किलोमीटर. वाटेत दिसणारी प्रत्येक गोष्ट तीन आकड्यांसह लिहा: बांधापासूनचे अंतर, नाल्याच्या काठापासूनचे अंतर, आणि नाल्याच्या तळापासूनची उंची. उंची मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते.

घरे सगळेच लिहितात. सुटतात त्या पुढच्या गोष्टी: हंगामात नाल्याकाठी पडणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, वीटभट्टी, धनगरांचा तळ, पोल्ट्रीवरच्या राखणदाराची खोली, ओढ्याकाठचे देऊळ आणि त्याची जत्रा, शाळेच्या वाटेवरचा फरशी पूल, गावाची पाणीपुरवठ्याची विहीर, विजेचे खांब. रात्री तिथे कोण झोपते, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे विचारा. आणि खाली दुसरा बांध असेल तर तो तुमच्या पाण्याने फुटेल असे धरूनच पुढे चाला.

आता वेळेचा हिशेब. पुराचा लोंढा सेकंदाला साधारण २ ते ३ मीटर धावतो असे धरले तर एक किलोमीटर अंतर सहा ते आठ मिनिटांत कापतो. एवढ्या वेळात झोपलेले कुटुंब उठून उंचावर पोहोचत नाही. गुडघ्याच्या वर वेगाचे पाणी आले की धडधाकट माणूसही उभा राहू शकत नाही.

नाल्याच्या तळापासून तीन-चार मीटर उंचीच्या आत एकही माणसे राहणारी जागा असेल, तर आकार विसरा आणि बांध वरच्या वर्गाचा समजून वागा. फक्त शेत, कुंपण, पंप जात असेल तर खालचा वर्ग. रस्ता, पूल किंवा पाण्याची योजना जात असेल तर मधला.

एकदा ठरलेला वर्ग बदलतो का?

बांधाला कुणी हात न लावता बदलतो. खालच्या ओसाड पट्टीत चार फार्महाउस उभी राहिली की त्याच दिवशी वर्ग वर गेला. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणारी वाट, मात्र जुन्याच मापाची राहिली. पुणे, नाशिक, अलिबाग, कर्जत या बाजूंना, जिथे शेतजमिनीचे तुकडे पडून बंगले होत आहेत, तिथे ही गोष्ट दर दोन वर्षांनी तपासावी.

हवाईतल्या कावाई बेटावरचे का लोको धरण हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १८९० मधले, उसाच्या मळ्यांसाठी बांधलेले मातीचे धरण, पुढे खासगी मालकीत आले. सरकारी नोंदीत त्याचा वर्ग ‘कमी धोक्याचा’ होता. १४ मार्च २००६ रोजी, कित्येक आठवड्यांच्या पावसानंतर, ते फुटले आणि खालच्या घरांतली सात माणसे गेली. नंतरच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: सांडवा जागेवर नव्हता, तो बुजवला गेल्याच्या खुणा होत्या, आणि कमी धोक्याचे म्हणून त्याच्याकडे यंत्रणेनेही पाहिले नव्हते. मालकावर फौजदारी खटला चालला. वर्ग चुकीचा लागला की तपासणी होत नाही, आणि तपासणी होत नाही म्हणून वर्ग चुकला हे कळत नाही.

सांडवा किती रुंद हवा?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले की ते वाचत नाही, म्हणून माथ्यावरून पाणी कधीही जाऊ न देणे हे सांडव्याचे काम.

आधी पूर काढा. दीड चौरस किलोमीटर पाणलोट, तासाला १०० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला ६० टक्के वाहून येतो असे धरले तर ०.२७८ × ०.६ × १०० × १.५, म्हणजे सेकंदाला सुमारे २५ घनमीटर. जुन्या मुंबई इलाख्यातल्या पंखाकृती पाणलोटांसाठीचे इंग्लिस सूत्र, विसर्ग = १२४ × क्षेत्र ÷ √(क्षेत्र + १०.४), लावले तर तोच आकडा ५४ वर जातो. घाटमाथा आणि कोकणासाठी इंग्लिसचा आकडा धरणे शहाणपणाचे आहे.

आता रुंदी. सपाट, रुंद कण्याच्या (कणा म्हणजे पाणी जिच्यावरून ओसंडते ती कड) सांडव्यावरून जाणारे पाणी = १.७ × रुंदी × (पाण्याची जाडी)^१.५. पाण्याची जाडी १ मीटर चालवून घेतली तर २५ घनमीटरला सुमारे १५ मीटर, आणि ५४ घनमीटरला सुमारे ३२ मीटर रुंदी लागते. जाडी ६० सेंटीमीटरच परवडत असेल तर ५४ घनमीटरला ६८ मीटर. आणि प्रत्यक्षात बांधांच्या कडेला काय दिसते? जेसीबीच्या बकेटने एका दिवसात काढलेला तीन मीटरचा चर. त्यातून १ मीटर जाडीने जेमतेम ५ घनमीटर पाणी जाते. उरलेले कुठून जाणार, ते उघड आहे.

सांडव्यावरून महत्तम पूर जात असतानाही माथा पाण्याच्या किमान १ मीटर वर राहिला पाहिजे. भराव बसतो हे धरून बांधतानाच माथा थोडा उंच ठेवतात. नीट दाबलेला नसेल तर उंचीच्या ५ ते १० टक्केही बसू शकतो.

मानकात लहान धरणाला शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा निकष आहे. या शब्दांचा अर्थ ‘आपल्या हयातीत येणार नाही’ असा होत नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता धरली तर तीस वर्षांत तो पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. खाली वस्ती असेल तर याहून मोठा पूर धरावा, असे तेच मानक सुचवते.

सांडवा भरावात नको, तो बाजूच्या मूळ जमिनीत हवा. मुरूम किंवा कातळ लागला तर उत्तम. त्याचा पुच्छ कालवा, म्हणजे सांडव्याचे पाणी पुढे नेणारा चर, बांधाच्या पायथ्यापासून दूर नेऊन नाल्याला मिळवा, नाहीतर सांडव्याचेच पाणी पायथा कोरते.

दिवाळीनंतर थोडे जास्त पाणी राहावे म्हणून सांडव्यावर गोण्या टाकतो. त्यात काय बिघडले?

३० सेंटीमीटर गोण्यांनी १ मीटरची पाण्याची जाडी ७० वर येते, आणि सांडव्याची क्षमता एकदम ४० टक्क्यांहून जास्त घटते. ‘पाऊस आला की काढू’ असे ठरलेले असते. पाऊस रात्री येतो आणि काढणारा गावाला गेलेला असतो. परतीचा पाऊस आणि अवकाळी हे दोन्ही दिवाळीच्या आगेमागेच येतात.

मासे वाहून जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळीही तितकीच घातक. पहिल्याच पुरात काटक्या, पाचट, प्लास्टिक अडकून ती भिंत होते. मत्स्यपालनाला तळे भाड्याने दिले असेल तर करारातच लिहा: जाळी सांडव्याच्या कण्यावर नाही, जलाशयात आत पाच-दहा मीटरवर, तिरकी, आणि पूर आल्यास आपोआप पडेल अशी.

पायथ्याशी पाणी पाझरते. काळजी करावी का?

प्रत्येक मातीचे धरण थोडे पाझरते. रंग, प्रमाण आणि जागा, या तीन गोष्टी पाहायच्या.

स्वच्छ पाणी, दरवर्षी त्याच जागी, पाणीपातळीबरोबर कमी-जास्त होणारे: चालते. गढूळ पाणी म्हणजे ते आतली माती घेऊन येते आहे. आत पोकळी होत जाते, ती पाण्याच्या बाजूकडे सरकते, आणि जलाशयाला भिडली की तासाभरात सगळे संपते. उतारावर मध्येच ओल दिसणे हे पायथ्याशी ओल दिसण्यापेक्षा वाईट.

प्रमाण मोजायला १५ लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. तीस सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर. दर आठवड्याला, त्याच जागी, जलाशयाच्या पातळीसोबत वहीत लिहा. पातळी तीच आणि गळती दुप्पट, ही धोक्याची घंटा आहे.

पायथ्याला माती उकळल्यासारखी वर येत असेल तर तोंड बुजवू नका. दाबलेले पाणी दुसरीकडून फुटते. उकळीभोवती वाळूच्या गोण्यांचे कडे करा, आत आधी जाड वाळू, मग खडी टाका. पाणी येऊ द्यायचे, माती अडवायची. प्लास्टिक किंवा चिकणमाती खालच्या उतारावर कधीच नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसहून अधिक माणसे गेली. ते सरकारी आणि बरेच मोठे होते, पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. गळती नेहमी आधी दिसते.

भरावातून पाइप टाकून पाणी खाली काढायचे आहे.

शक्यतो टाकू नका. पीव्हीसी पाइपच्या पोटाखाली माती दाबली जात नाही, तिथे बोटभर फट राहते, आणि पाणी पाइपच्या आतून जाण्याऐवजी बाहेरून वाट काढते. छोटे बांध फुटण्याची ही एक ठरलेली वाट आहे. मोठ्यांनाही ती सुटलेली नाही: १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले ते पहिल्याच भरणीत, विमोचकाचे, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचे, काम अपुरे असताना, नळमार्गावरचा भराव खचत जाऊन.

छोट्या बांधाला वक्रनलिका, म्हणजे माथ्यावरून नेलेला सायफन, बरा. २०० मिलिमीटरचा पाइप सेकंदाला ६० ते ७० लिटर काढतो, म्हणजे दिवसाला सुमारे साडेपाच हजार घनमीटर. आपल्या बांधात पाणी रोज वीत-सव्वा वीत उतरेल. वरची उचल पाच-सहा मीटरच्या आत ठेवा आणि सगळ्यात उंच जागी हवा काढायची तोटी द्या.

पाइप आधीच असेल तर तो बाहेर येतो तिथली माती दर महिन्याला पाहा. खालच्या तृतीयांशात पाइपभोवती किमान ६० सेंटीमीटर जाडीचा धुतलेल्या वाळूचा गाळणथर अभियंत्याकडून घालून घेता येतो. भिंतीसारखे काँक्रीटचे पट्टे पाइपभोवती घालण्याची जुनी पद्धत सोडून द्या; त्यांच्या कोपऱ्यांत माती दाबता येत नाही.

झाडे, घुशी, खेकडे?

गवत हवे, झाड नको. मुळे भरावात शिरतात, झाड मेले की ती कुजून नळ्या होतात, वादळात उन्मळले तर माथ्याचा लचका जातो. मनगटापेक्षा बारीक झुडपे मुळासकट उपटा. वेडी बाभूळ तर दरवर्षी. मोठे झाड पाणी उतरल्यावर, उन्हाळ्यात, लागणारी परवानगी घेऊन काढा, आणि बुंधा व जाड मुळे उकरून खड्डा १५ सेंटीमीटरच्या थरांत ओली माती दाबून भरा. नुसते कापून बुंधा सोडणे हे झाड ठेवण्यापेक्षा वाईट. घुशी, साळिंदर, खेकडे यांची बिळे उकरून तशीच भरा. तिवरे धरण खेकड्यांनी पोखरले, अशी नंतर फार चर्चा झाली. बिळे हे देखभाल नसल्याचे लक्षण आहे, ती बुजवणे मालकाचे काम.

उन्हाळ्यात माथ्यावर भेगा पडतात.

काळ्या मातीचा बांध असेल तर पडणारच. म्हणून काळी माती गाभ्यात आणि बाहेर मुरमाचे आवरण, अशी रचना असते. माथ्याच्या लांबीने गेलेल्या उथळ भेगा सुकल्याच्या असतात. माथ्याला आडवी, पाण्याकडून खालच्या बाजूला गेलेली भेग मात्र पाण्याला तयार वाट आहे. तिच्यात चुन्याची निवळी ओता, मग खणत जा. पांढरे दिसेनासे झाल्यावर आणखी ३० सेंटीमीटर खोल जाऊन थराथराने भरा. भेग कमानीसारखी वळलेली आणि खालचा उतार फुगलेला असेल तर तो भराव घसरतो आहे. ती भरत बसू नका, पाणी उतरवा. उतरवतानाही दिवसाला ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. ओल्या भरावाला आधार देणारे पाणी एकदम गेले की पाण्याकडचा उतार घसरतो.

तपासणी केव्हा आणि कशी?

मे महिन्यात पहिली, पावसाळा संपल्यावर दुसरी, जोरदार पावसात दर दोन-तीन तासांनी, आणि भूकंपाचा धक्का जाणवला तर लगेच. उतारावर नागमोडी चाला, सरळ नाही. माथ्यावर दर १० मीटरला खुंटी ठोकून पातळी घ्या. एखादी जागा ३० सेंटीमीटर बसलेली असेल तर पाणी तिथूनच चढणार. दर वेळी त्याच जागांवरून फोटो काढा. नमुन्याच्या बांधाला एका माणसाला दोन तास पुरतात.

रात्री पाणी माथ्याजवळ आले तर काय करायचे?

हे रात्री ठरवता येत नाही, मे महिन्यात ठरवून एका कागदावर लिहा. जलाशयात रंगवलेला खांब रोवा. माथ्याला १ मीटर उरले: बांधावर दोन माणसे, विजेऱ्या, सांडव्यातला कचरा काठावरून काढणे. ६० सेंटीमीटर: खालच्या प्रत्येक घराला फोन, सरपंच, पोलीस पाटील, तलाठी. ३० सेंटीमीटर: घरे रिकामी करा, ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर कळवा, फरशी पुलावर दोन्ही बाजूंना माणूस उभा करा. गढूळ गळती किंवा खचलेला माथा दिसला तर पातळी कितीही असो, थेट शेवटची पायरी.

कागदावर घरे नावानिशी, फोन दोन-दोन, आणि कुणी कुणाला उठवायचे ते लिहिलेले हवे. मोबाइलला रेंज नसते तिथे देवळातला भोंगा किंवा घंटा ठरवा.

भरावात चर मारून पाणी ‘सोडून’ देऊ नका. तो चर बांध फोडतो. पाणी माथ्यावर चढले की कुणीही बांधावर थांबू नये.

जमीन घेताना बांधाबद्दल काय विचारावे?

सातबाऱ्यावर धोका-वर्ग लिहिलेला नसतो. परवानगीचा कागद, संकल्पचित्र, कोणत्या वर्षी बांधला, सांडव्याचे माप, पाइप आहे का, आजवर पाणी कुठवर चढले होते, दुरुस्त्या कोणत्या, हे लेखी मागा. शक्य असेल तर तळे भरलेले असताना, सप्टेंबरात पाहा. कोरडा बांध सगळे लपवतो. आणि खालच्या शेजाऱ्यांना विचारा, विकणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असते.

आमचे नातेवाईक अमेरिकेत तळ्याकाठच्या वसाहतीत घर घेत आहेत. तिथेही हा प्रश्न येतो?

येतो, आणि पैशांत येतो. तिथली निम्म्याहून अधिक नोंदलेली धरणे खासगी आहेत आणि वसाहतीतले तळे बहुधा घरमालकांच्या संघाचे असते. धोक्याचे तीन वर्ग आहेत: कमी, लक्षणीय, उच्च, जिथे धरण फुटल्यास एकही जीव जाण्याची शक्यता आहे ते उच्च. वर्ग वाढला की मोठा सांडवा बांधायचा खर्च सगळ्या घरमालकांवर वाटला जातो. राष्ट्रीय धरण सूचीत वर्ग पाहता येतो. घर घेण्याआधी शेवटचा तपासणी अहवाल आणि संघाची राखीव रक्कम मागावी.

बांध परवडत नाही. नुसता सोडून दिला तर?

सोडलेला बांध दर पावसाळ्यात भरतच राहतो. नको असेल तर रीतसर काढा: परवानगी, मग डिसेंबरनंतर सायफनने पूर्ण रिकामा, मग नाल्याच्या मूळ तळापर्यंत खाच. खाचेची तळरुंदी मूळ नाल्याएवढी, बाजूंचा उतार २ ला १, तळाशी दगडी पिचिंग. साठलेला गाळ आधी शेतांना वाहून द्या, तो मोलाचा असतो, आणि तसाच ठेवला तर पहिल्या पुरात खालच्या विहिरींवर जातो. अर्धी खाच मारून काम थांबवू नका. पाच फूट पाणी धरणारा, कडा कच्च्या झालेला बांध मेअखेर उरला तर जूनमध्ये तो पुन्हा भरेल.